खोक्यावर ४०९६, आत भलतंच

दादर स्टेशनच्या पुलावर, संध्याकाळच्या गर्दीत उभ्या उभ्या मी ४८०० रुपये मोजून दिले आणि ड्रॉइंग टॅब्लेट, म्हणजे पेनने रेघ ओढली की लॅपटॉपवर उमटते ती पाटी, घेऊन घरी आले. त्याला आता चार महिने होतील. ते पैसे परळच्या एका गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करून जमवले होते, त्यामुळे जीव अजून जळतो. आमच्या कारखान्यातली दोन पोरं आता जुना टॅब्लेट शोधतायत, म्हणून झालं ते सगळं लिहून काढतेय.

मला एका बालमासिकाच्या चित्रांचं काम मिळालं होतं. कागदावर काढा, स्कॅन करा, डाग पुसत बसा, यात रात्री जात होत्या. हाताशी जेमतेम पाच हजार. स्क्रीनवाला टॅब्लेट एवढ्यात येत नाही आणि सुरुवातीला त्याची गरजही नसते. साध्या काळ्या पाटीवर हात, नजर समोर लॅपटॉपवर, एवढी सवय आठ-पंधरा दिवसांत होते. जुन्या वस्तूंच्या ॲपवर जाहिरात दिसली: वॅकॉम कंपनीचा इंट्युओस, तीनदाच वापरलेला, ४०९६ प्रेशर लेव्हल. म्हणजे पेनवरचा दाब तो इतक्या पायऱ्यांत ओळखतो आणि त्याप्रमाणे रेघ जाड-बारीक होते. फोनवर मुलगा गोड बोलला. ताई, मी ॲनिमेशन शिकतो, आज रात्रीच्या गाडीने गावी चाललोय, दुसरं एक गिऱ्हाईक सहाला येतंय, तुम्ही साडेपाचला आलात तर तुमचा.

घाई त्याची होती, धावत मी गेले.

त्याने सॅकवर लॅपटॉप ठेवला, पेंट उघडलं, पेन फिरवून एक भोवरा काढला. रेघ उमटली. माझं लक्ष कर्सर हलतोय की नाही याकडेच होतं. खोक्यावरच्या फोटोत टॅब्लेटच्या वरच्या बाजूला चार बटणं होती, हातातल्यावर एकही नव्हतं. विचारलं तर म्हणाला, ‘ती ब्लूटूथवाल्याला असतात.’ साफ खोटं. त्या मॉडेलच्या वायरवाल्यालाही ती चार बटणं असतात. पण मी मान डोलावली. मागून लोक ढकलत होते, आणि खरं सांगायचं तर मला तो टॅब्लेट हवाच होता.

घरी आल्यावर लॅपटॉपवर क्रिता टाकलं. चित्रांसाठी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि उत्तम आहे. पहिली रेघ ओढली ती डोळ्याच्या वरच्या पापणीची. कारखान्यात शेकडो वेळा ओढलेली: केसासारखी सुरू होते, मध्यावर भरते, कोपऱ्याशी पुन्हा निमुळती होते. पडद्यावर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी आली, सुतळी ताणल्यासारखी. जोर लावला, तरी तीच. वाटलं माझंच काही चुकतंय. रात्री दोनपर्यंत ड्रायव्हर, म्हणजे टॅब्लेट लॅपटॉपशी जुळवणारं सॉफ्टवेअर, काढत होते, घालत होते. मग ड्रायव्हरच्याच खिडकीत टॅब्लेटचं नाव वाचलं: वन बाय वॅकॉम, त्याच कंपनीचं दुसरं मॉडेल. इंट्युओस नव्हेच. उलटा केला, मागे मॉडेल नंबरच्या जागी एक चकचकीत स्टिकर होता. नखाने सोलला. खाली सीटीएल-४७२. खोकं सीटीएल-४१०० चं. दोन्हींची चित्र काढायची जागा तेवढीच, १५२ बाय ९५ मिलिमीटर, त्यामुळे आकारावरून नवख्याला शंका येत नाही.

सीटीएल-४७२ वाईट नाही, हे सांगायलाच हवं. त्याच्या प्रेशर लेव्हल २०४८ आहेत, आणि २०४८ व ४०९६ मधला फरक शिकणाऱ्या हाताला कळतही नाही. खरं नाव सांगून वाजवी भावात दिला असता तर मी आनंदाने घेतला असता. मला खोक्यावरचा आकडा विकला गेला.

दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठला. तिथल्या एका दुकानदाराने त्याच मॉडेलचा स्वतःजवळचा पेन लावला आणि रेघ लगेच जाड-बारीक झाली. म्हणजे पाटी शाबूत, पेन खराब. तो म्हणाला, ‘ताई, हा टोकावर पडलेला असणार. दाब ओळखणारा भाग पेनच्या आत असतो.’ या पेनमध्ये बॅटरी नसते, त्याला लागणारी वीज खालच्या पाटीतूनच मिळते. म्हणून दाब मेला तरी कर्सर मजेत फिरतो. पुलावर मी नेमकं तेवढंच पाहिलं होतं.

त्या मुलाला फोन केला तर उलट माफी मागितली. पैसे परत करतो म्हणाला आणि क्यूआर पाठवला: स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. मी स्कॅन केलाही होता. मोठ्या बहिणीने फोन हातातून हिसकावला. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. त्यानंतर त्याचा नंबर बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, जाहिरात आणि बोलण्याचे स्क्रीनशॉट जोडले. पैसे रोख दिले होते, त्यामुळे माग काढायला फारसं काही नाही. बालमासिकाची चित्रं शेवटी कागदावरच काढून दिली.

कारखान्यातल्या पोरांना मी सांगितलंय, आपला लॅपटॉप, त्यात आधीच टाकलेलं क्रिता आणि ड्रायव्हर घेऊनच जायचं. पुलावर, प्लॅटफॉर्मवर व्यवहार नाही, बसायला जागा हवी. हलक्या हाताने सुरू करून जोर वाढवत एक लांब रेघ ओढायची, मग चारही कोपऱ्यांत एकेक गोल. वायर जोडाशी किंचित हलवून बघायची. मागचा नंबर, ड्रायव्हरमधलं नाव आणि खोकं, तिन्ही जुळलं पाहिजे. एवढ्या पैशांत ह्युऑन किंवा एक्सपी-पेनचा लहान टॅब्लेट नवा, बिलासकट मिळतो का ते आधी पाहायचं. त्यातही बाहेरचं माप विचारायचं नाही, चित्र काढायची जागा किती ते विचारायचं.

त्यातला एक जण गेल्या रविवारी कुर्ल्याला एक टॅब्लेट बघायला गेला. याने लॅपटॉप बाहेर काढला तसा विकणारा म्हणाला, एवढा वेळ नाहीये. पोरगा लॅपटॉप मिटून घरी आला.