आधी शिकवायचं की आधी सोडून द्यायचं? सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन्ही पद्धतींचा आढावा

मुलांनी स्वतःचं डोकं चालवावं, प्रत्येक ओळीला "आई हे बरोबर आहे का" करत येऊ नये असं सगळ्यांनाच वाटतं, पण त्यासाठी करायचं काय यावर दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणजे आधी नीट करून दाखवा मग करायला द्या. दुसरा म्हणजे काहीच सांगू नका, त्यांचं त्यांना शोधू द्या. मी दोन्ही करून बघितलंय (आणि बरेचदा नको तिथे नको ते केलंय), म्हणून लिहितेय.

शोधू देणं जिथे चालतं तिथे ते फारच भारी चालतं. खेळायच्या मातीचा गोळा पाण्यात टाकला की बुडतो, त्याच मातीची वाटी केली की तरंगते. या वयातली बरीच मुलं ठासून सांगतात की जड असेल ते बुडतं, आणि तुम्ही कितीही समजावलं तरी मान डोलावून आपलंच धरून बसतात, पण वाटी तरंगताना दिसली की स्वतःच म्हणतात अरे, माती तर तेवढीच आहे! मग उत्तर येतं "पसरट आहे म्हणून". चुकीचं आहे, पण सांगायची घाई करू नका, हातात एक नाणं द्या. पसरट असूनही बुडतं. आता परत विचार सुरू. म्हणजे बघा, सोडून देणं म्हणजे खरंच सोडून देणं नसतंच, माती कुणीतरी काढून ठेवलेली असते आणि नाणं कधी पुढे करायचं ते बघत कुणीतरी शेजारी बसलेलं असतं. वेळ खातं आणि पसारा होतो तो वेगळाच.

आता वजाबाकी घ्या. ५२ वजा २७, मुलाने लिहिलं ३५. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. गंमत म्हणजे हा आळस नाही, त्याने मोठ्यातून लहान वजा करायचा एक नियमच बनवलाय आणि तो इमानदारीत पाळतोय. इथे शोधू दे म्हणून गप्प बसलात तर अशीच वीस गणितं करून तो नियम पक्का करेल. इथे दशक सुटा करून दाखवावाच लागतो. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षणाच्या अभ्यासकांनी हाच मुद्दा जोरात मांडला होता, की विषय नवीन असेल तेव्हा एका वेळी डोक्यात मावतंच थोडं, आणि ते सगळं चाचपडण्यातच खर्च झालं तर शिकायला काही उरत नाही. त्यावर वाद पुष्कळ झाले, पण सहा-सात वर्षांच्या मुलाशेजारी बसलेल्याला ते पटतं.

दाखवण्याचा तोटाही मोठाय. मदत थांबवायचीच राहून जाते! १९७६ मध्ये वूड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी लहान मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड करायला शिकवताना मोठी माणसं काय करतात ते बघितलं होतं, त्यातून पुढे आलेली गोष्ट साधी आहे, मूल अडलं की मदत वाढवायची आणि जमलं की कमी करायची. आपण पहिलं करतो, दुसरं विसरतो. माझं तेच झालं, रोज मुलाच्या शेजारी बसायचे, मग कळलं की तो गणिताकडे बघतच नाहीये, माझ्या भुवयांकडे बघून उत्तर बदलतोय. मग मी बरोबर-चूक सांगायचं बंद केलं आणि पडताळा शिकवला. ३५ आणि २७ मिळव, ५२ येतात का? ६२ आले. झालं, आता माझी गरज नाही.

म्हणून ठरवताना मी एवढंच बघते, की चूक झाली तर ती मुलाला स्वतःला दिसणार आहे का. दिसणार असेल (गोळा बुडतो, मनोरा पडतो, झाडाचं पान सुकतं) तर शोधू द्या. दिसणार नसेल (हिशोब, शुद्धलेखन, अक्षराचं वळण) तर आधी दाखवा, आणि लगेच चूक पकडायची युक्तीही द्या. मूल हुशार आहे की मंद, यावर ठरवू नका, तेच मूल एका विषयात पक्कं आणि दुसऱ्यात अगदी नवखं असतं.

कोडी आणि ब्रेन गेमची वर्कबुकं? मजा म्हणून आणा, कोड्यांत हुशारी येईल, ती आपोआप विज्ञानात उतरेल अशी आशा ठेवू नका.

आणि दोन्ही पद्धतींत चालणारी एक फुकट गोष्ट म्हणजे थांबणं. मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी वर्गांत मोजलं होतं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबायचे, तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबायची आणि "माहीत नाही" कमी व्हायचं. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही, पण घाईच्या वेळी थांबून बघा, जीव जातो. मी मनात आकडे मोजते.