सात गायी की एक कोंबडी: आठ महिने वर्गात वापरलेला एक शोधनिबंध

राज्यशास्त्रज्ञ डॅनियल पोझ्नर यांचा चेवा-तुंबुका समाजांवरचा 2004 चा शोधनिबंध मी जूनपासून एम.ए.च्या वर्गात वापरते आहे. आधी तुलनात्मक राजकारणातली ‘अस्मिता’ शिकवायची म्हणजे मुलं व्याख्या उतरवून घ्यायची आणि परीक्षा झाली की विसरायची. यंदा तसं झालं नाही.

चेवा आणि तुंबुका आफ्रिकेतल्या मलावीत राहतात, तसेच शेजारच्या झांबियातही. मधली सीमा ब्रिटिशांनी 1891 मध्ये कारभाराच्या सोयीसाठी आखली. पोझ्नर सीमेलगतच्या गावांत फिरले. दोन्हीकडे फरक तेच सांगितले गेले: भाषा वेगळी, नाच वेगळे, लग्नात तुंबुका सात गायी मागतात, चेवा एका कोंबडीवर राजी होतात. तरीही झांबियात हे एकमेकांना भाऊबंद मानतात आणि मलावीत सोयरीक करायला, मत द्यायला कचरतात. पोझ्नर उत्तर संख्येत शोधतात. मलावीत चेवा सुमारे 57 टक्के आणि तुंबुका 12, म्हणजे नेत्यांना स्वतंत्र मतपेढी बांधण्याइतके. झांबियात तेच 7 आणि 4 टक्के, म्हणून बेंबा, टोंगा, लोझी या तिथल्या इतर समाजांसमोर दोघे ‘पूर्वेकडचे’ होऊन एकत्र उभे राहतात. हे आकडे फळ्यावर लिहिले की वर्ग शांत होतो, मग भराभर हात वर येतात.

एक गोष्ट मात्र मला खटकत राहिली. मलावीचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बांडा यांनी 1968 मध्ये चेवांच्या भाषेला, चिचेवाला, राष्ट्रभाषा केलं आणि तुंबुका भाषा रेडिओवरून हटवली. ते दुखणं मला टक्क्यांत मावणारं वाटत नाही.

चंदगडच्या एका विद्यार्थिनीने तर माझी खरी परीक्षा घेतली. “मॅडम, मग बेळगावचं काय?” कर्नाटकच्या हिशेबात मराठी मतदार थोडे, म्हणजे गणितानुसार 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव त्या राज्यात गेल्यानंतर त्यांनी लवकरच मोठ्या पक्षांत मिसळून जायला हवं होतं. प्रत्यक्षात बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार कैक वर्षं निवडून येत राहिले, 2013 मध्येही दोघे आले. 2018 आणि 2023 ला मात्र एकही नाही. मी म्हटलं, आखाडा कोणता धरायचा ते आधी ठरव. शहरापुरतं पाहिलं तर मराठी मतं मुळीच थोडी नाहीत. ती म्हणाली, “मग माझे आजोबा दर 1 नोव्हेंबरला काळी फीत लावतात ती कोणत्या टक्क्यात धरायची?”

पुढच्या वर्षी हा निबंध पहिल्याच आठवड्यात घेणार आहे, आणि त्याला लागून बांडांचा भाषानिर्णय.