आधुनिक इतिहास की मास मीडिया? माध्यमांकडे जाऊ पाहणाऱ्यांसाठी

बारावीनंतर ‘मला पत्रकारितेत जायचंय’ किंवा ‘माहितीपट करायचेत’ म्हणणाऱ्या मुलांसमोर महाराष्ट्रात साधारण दोन वाटा असतात. पहिली मास मीडियाच्या पदवीची. मुंबई विद्यापीठात तिला अनेक वर्षं बीएमएम म्हणत, आता बीएएमएमसी म्हणतात. दुसरी बीए इतिहासाची, आधुनिक काळावर भर देऊन आणि त्यातही वृत्तपत्रं, रेडिओ, सिनेमा यांच्याकडे लक्ष ठेवून. ही दुसरी वाट घरात सहसा कुणी सुचवत नाही. माझं मत आधीच सांगतो. ज्याला बातमी, दीर्घ लेख किंवा माहितीपट यांतच मुरायचं आहे, त्याने पहिली पदवी इतिहासाची घ्यावी आणि माध्यमांचं तंत्र नंतर शिकावं. जाहिरात किंवा जनसंपर्काची ओढ असेल तर मात्र मास मीडियाच घ्यावी, तिथे मी इतिहासाचा आग्रह धरणार नाही.

मास मीडियाच्या वर्गात पहिल्या वर्षापासून हात कामाला लागतो. कॅमेरा, संकलन, बातमीलेखन, सादरीकरण, पुढे पत्रकारिता किंवा जाहिरात यांपैकी एकाची निवड. इंटर्नशिपच्या ओळखी तिथेच होतात. शिकवायला बाहेरून काम करणारी माणसंही येतात आणि त्यांच्याकडून पुष्कळ मिळतं. सुरुवातीला माध्यमांच्या इतिहासाचा एक पेपर असतो. त्यात ६ जानेवारी १८३२ ला निघालेलं बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’, फाळक्यांचा १९१३ चा चित्रपट, १९७२ ला सुरू झालेलं मुंबई दूरदर्शन, असं सगळं एका सत्रात उरकतं. तारखा पाठ होतात, पण त्यातलं का आणि कसं मागे राहतं.

इतिहासाच्या वर्गात नेमकं उलटं. १८९७ चं पुणं घ्या. प्लेग, प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली झालेल्या घरझडत्या, २२ जूनच्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळ्या आणि मग ‘केसरी’तल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला, अठरा महिने सक्तमजुरी. माध्यमांच्या अभ्यासक्रमात हे प्रकरण ‘वृत्तपत्रविषयक कायदे’ या घटकात राजद्रोहाच्या १२४अ कलमाच्या शेजारी दोन ओळींत येतं. इतिहासाचा विद्यार्थी विचारतो, की सरकारला मराठी मजकूर कोण वाचून दाखवत होतं? त्याचं उत्तर सरकारी दफ्तरात सापडतं. देशी वृत्तपत्रांत काय छापून येतं याचे गोषवारे मुंबई सरकार दर आठवड्याला तयार करून घेत असे. ज्या छोट्या पत्रांचे अंक आज हाती लागत नाहीत, त्यांचा आवाज अनेकदा या गोषवाऱ्यांतच उरला आहे. पाळत ठेवणाऱ्यानेच पुरावा जपला. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओचंही तसंच. पोलिसांनी प्रक्षेपणं ऐकून उतरवून घेतली, म्हणून त्यातला मजकूर आज वाचता येतो. १८९८ मध्ये १२४अ ची व्याप्ती वाढवली गेली, मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम स्थगित ठेवलं, जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी नवी न्याय संहिता लागू झाली. ही साखळी डोक्यात असलेला वार्ताहर आजच्या खटल्याची बातमी वेगळी लिहितो, यात मला शंका नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. एकाच काळाची दोन पत्रं शेजारी ठेवून वाचण्याची सवय. ‘केसरी’ १८८१ चा, सत्यशोधक चळवळीतला ‘दीनबंधु’ त्याच्याही आधीचा, १८७७ चा. दोघांना दिसणारा महाराष्ट्र एक नव्हता. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, हे आंबेडकरांनी नंतर लिहून ठेवलं आहे. जाहिरातीच्या वर्गात छापलेल्या जाहिरातींचं विश्लेषण होतं, पण न छापलेली जाहिरात शोधायला इतिहास शिकवतो. वृत्तपत्र कुणाचं, पैसा कुणाचा, वाचक कोण आणि कुणाला त्यात जागा नाही, हे प्रश्न अंगवळणी पडायला दोन-तीन वर्षं लागतात. संकलनाचं सॉफ्टवेअर काही महिन्यांत येतं.

पण इतिहासाच्या बाजूनेही खोटं चित्र उभं करायचं नाही. बऱ्याच महाविद्यालयांत हा विषय नोट्सवर आणि गाइडवर चालतो. अर्धा वर्ग एमपीएससीच्या तयारीत असतो आणि तीन वर्षांत एकदाही अभिलेखागाराचा उंबरठा न ओलांडता पदवी मिळू शकते. माध्यमांवरचा भर तुम्हाला आयता कुणी देणार नाही, तो स्वतः बांधावा लागतो. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, या जागा आहेत, पण तिकडे आपल्या पायांनी जावं लागतं. ज्याला एकट्याने फायली उलटत बसणं सोसत नाही, त्याने हा मार्ग घेऊ नये.

खर्चात फरक मोठा आहे. इतिहास बहुतेक ठिकाणी अनुदानित तुकडीत असतो, मास मीडिया सहसा विनाअनुदानित, त्यामुळे शुल्क कितीतरी पट जास्त. शिवाय कॅमेरा-लॅपटॉप. गावाकडून येणाऱ्या मुलांनी हा हिशेब आधी मांडावा.

नोकरीचं म्हणाल तर पदवी संपताच पहिलं काम मास मीडियावाल्याला लवकर मिळतं, हे मान्यच. इतिहासवाल्याला मध्ये एक पायरी चढावी लागते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला पत्रकारितेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम किंवा भारतीय जनसंचार संस्थेचं (आयआयएमसी) अमरावतीचं केंद्र, हे त्यासाठीचे ओळखीचे रस्ते. माहितीपटांचं संशोधन, तथ्यपडताळणी, संग्रहालयं, वृत्तपत्रांचे संदर्भ विभाग इथे मात्र कागद वाचता येणाऱ्याला मागणी असते. प्राध्यापकी करायची तर नेट-सेटची वाट इतिहासातून सरळ आहे.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे मुख्य विषयासोबत गौण विषय घेता येतो. कुठल्या महाविद्यालयात इतिहास मुख्य आणि माध्यम अभ्यास गौण अशी जोडी मिळत असेल, तर मी डोळे झाकून तीच घेईन. जोडी फक्त उलटी मिळत असली तरी चालेल, निदान इतिहास सुटत नाही.

प्रवेशाआधी दोन्ही विभागांत जाऊन थोडी विचारपूस करा. इतिहास विभागाला विचारा, की शेवटच्या वर्षी प्रकल्प असतो का, आणि गेल्या वर्षीच्या मुलांनी मूळ साधनं वापरली की पुस्तकांवरून लिहिलं? दोन-तीन प्रकल्प बघायला मागा. मास मीडिया विभागाला विचारा, की पूर्णवेळ शिक्षक किती, उपकरणं मुलांच्या हातात किती तास मिळतात, आणि मराठीतून काम करू देतात का? मराठी पत्रकारिता करायची असेल, तर हा शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.