ऑफिससाठी सायकल घ्यायची आहे: साधी, हायब्रिड की रोड बाइक?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, तेव्हा पहिल्या दिवशीची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाशी लावायची शर्यत, बघायला मी फर्ग्युसन रस्त्यावर बॅरिकेडला टेकून उभी होते. एरवी त्याच रस्त्यावर रिक्षा, बस आणि उलट्या दिशेनं येणाऱ्या स्कूटरमधून सायकल काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. त्या दिवशी एकेक रायडर हँडलवर पार वाकून समोरून सूं करत निघून जात होता. कार्बनच्या रिमचा तो घुमणारा आवाज टीव्हीवर कळत नाही, तो अंगावर येतो. चार टप्पे आणि ही सुरुवातीची छोटी फेरी मिळून ४३७ किलोमीटरची शर्यत आपल्या गावात, आपल्या घाटांत झाली, याचा आनंद मला अजून पुरतो आहे.

त्यानंतरच्या महिनाभरात ऑफिसातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "रोड बाइक घेऊ का? ऑफिसलाही होईल आणि रविवारी सिंहगडलाही." मी बारा वर्षं सायकलनं कामाला जाते आहे. सुरुवात आईच्या जुन्या साध्या सायकलवर केली, मग रोड बाइक, म्हणजे शर्यतीच्या धाटणीची बारीक टायरची सायकल घेतली, आता हायब्रिड चालवते, ती या दोन्हींच्या मधली. म्हणून तिन्हींबद्दल जे कळलं ते सविस्तर लिहिते.

सायकलीच्या आधी आपला रस्ता बघा. शर्यतीतल्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो वेग टिकवायला लागणारी ताकद जवळजवळ आठपट. म्हणून ती खाली वळलेली हँडल, ते अंगाला चिकटलेले कपडे, आणि म्हणूनच सगळे जण एकमेकांच्या मागे दडून घोळक्यात चालतात. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की मागच्याची सुमारे एक तृतीयांश मेहनत वाचते. पण कर्वे पुतळ्यापासून शिवाजीनगरपर्यंतच्या माझ्या साधारण सहा किलोमीटरच्या वाटेवर हवा त्रास द्यायला लागेल इतका वेग येतोच कुठे? एका सकाळी मी मोजलं: सिग्नल, बसथांबे, मध्येच दार उघडणाऱ्या गाड्या असं सगळं धरून एकोणीस वेळा पाय टेकवावा लागला. दर वेळी शून्यापासून सुरुवात. सायकल निवडताना हे एकोणीस थांबे डोक्यात ठेवा, शर्यतीतले ताशी पंचेचाळीस किलोमीटर नकोत.

रोड बाइक घेतली त्या वर्षीची गोष्ट सांगते. सकाळी पावणेआठला एक दूधवाले काका त्याच रस्त्यानं यायचे, जुन्या काळ्या सायकलवर, मागं दोन्ही बाजूंना किटल्या. मी त्यांना मागं टाकून पुढं जायची, नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबायची, आणि दिवा हिरवा व्हायच्या आत ते शेजारी येऊन उभे राहायचे. "काय ताई, परत भेटलो!" असं म्हणून हसायचे. डेक्कनपर्यंत आमच्या अशा तीन-चार भेटी व्हायच्या. मला त्या फार आवडायच्या. माझी सायकल त्यांच्या सायकलीच्या निम्म्याहून हलकी आणि कैक पटींनी महाग होती, तरी सगळ्या वाटेवर मिळून माझी तीन-चार मिनिटं वाचायची.

साधी सायकल, म्हणजे बिनगिअरची. सहा-सात हजारांपासून मिळते. दणकट लोखंडी फ्रेम, जाड टायर, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, पूर्ण चेनकव्हर, सगळं आधीपासून लावलेलं. पूर्ण चेनकव्हरची किंमत ओढणी किंवा सलवार घालून सायकल चालवणारीलाच कळते. वरच्या दांड्याशिवायची लेडीज फ्रेम तर सगळ्यांनीच विचारात घ्यावी, सिग्नलला चढायला-उतरायला फार सोपी. आणि पंक्चर झालं तर कुठलाही पंक्चरवाला चाक न काढताच ट्यूब बाहेर ओढतो, पाण्याच्या घमेल्यात फिरवून बुडबुडे बघतो, आणि दहा मिनिटांत तुम्ही पुन्हा वाटेला. तिचा खरा दोष दोन ठिकाणी दिसतो. पहिला, दांड्यांचे जुने ब्रेक असतील तर पावसात रिम भिजली की ते लागायला फार वेळ घेतात. असली सायकल घेऊच नका, केबलचे चांगले ब्रेक असलेली घ्या. दुसरा, चढ. चांदणी चौकाच्या चढावर मला कितीदा तरी उतरून ढकलत जावं लागलं. टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या मोठ्या शर्यतीतसुद्धा १९३७ पर्यंत चालता चालता गिअर बदलायला बंदी होती. डोंगराच्या पायथ्याशी रायडर खाली उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे, आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या दातेरी चक्रावर चेन चढवून वर जायचे. चांदणी चौकात ढकलताना मला ती माणसं हमखास आठवायची.

घर ते ऑफिस पाच किलोमीटरच्या आत आणि रस्ता सपाट असेल, तर साध्या सायकलीला तोड नाही. तिथं जास्त पैसे घालू नका.

आता रोड बाइक. मी तिच्यावर मनापासून प्रेम केलं आहे, आणि तरीही ऑफिससाठी पहिली सायकल म्हणून तिची शिफारस मी करणार नाही.

कारणं बारीक बारीक आहेत, पण ती रोज भेटतात. टायर २५ ते २८ मिलिमीटरचे, त्यात हवा भरपूर दाबानं भरायची. ती जरा कमी झाली आणि खड्ड्याची कड लागली, की ट्यूब रिमला चेपून दोन शेजारी-शेजारी भोकं पडतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. तसा गतिरोधक रोड बाइकवरूनही अलगद ओलांडता येतो. पण सोसायट्यांच्या आणि शाळांच्या बाहेर बोल्टनं ठोकलेले ते अरुंद, उभट पट्टे असतात ना, त्यातला एखादा तुकडा निघालेला असतो आणि उरलेला बोल्ट वर आलेला असतो. संध्याकाळी तो दिसत नाही. दिसतो तेव्हा तुमचं वजन हाताच्या तळव्यांवर असतं, कारण या सायकलवर बसायची पद्धतच तशी.

मग व्हॉल्व. एका जुलैत पौड रस्त्यावर काच घुसून मागचा टायर बसला. जवळच पंक्चरवाला होता. त्यानं ट्यूब झटक्यात जोडून दिली आणि हवा भरायला नळी लावली, तर ती बसेच ना. रोड बाइकच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व असतो, आणि रस्त्यावरचे कॉम्प्रेसर मोटारसायकल-मोटारीच्या जाड व्हॉल्वसाठी. त्यानं बिचाऱ्यानं कापड गुंडाळून, अंगठ्यानं दाबून सगळं करून बघितलं. शेवटी भर पावसात सायकल हातात धरून दोन किलोमीटर चालत गेले. याला उपाय म्हणजे पेनाच्या टोपणाएवढाही नसलेला एक पितळी अडॅप्टर. अगदी थोड्या पैशांत येतो. तेव्हापासून तो माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. रोड बाइक घेणार असाल तर त्याच दिवशी दोन घ्या, एक किल्ल्यांना आणि एक बॅगेत.

शिवाय बऱ्याच रोड बाइकना कॅरिअर लावायला भोकं नसतात, मडगार्डला जागा नसते. लॅपटॉप पाठीवर घ्यावा लागतो, पाठ घामानं चिंब होते, आणि पावसात मागच्या चाकाचा चिखल थेट सदऱ्यावर उमटतो. आणि हे सगळं तीन-चार मिनिटांसाठी. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँडनं तीन आठवड्यांच्या शर्यतीनंतर लोराँ फिन्याँला अवघ्या ८ सेकंदांनी हरवलं. तिथं एकेका सेकंदासाठी हँडलचा आकार बदलणं रास्तच. नळ स्टॉपला एका लाल दिव्यात तेवढी सेकंदं कितीदा निघून जातात.

आणखी एक. शर्यतवालेसुद्धा रस्ता बघूनच सायकल ठरवतात. फ्रान्समधल्या पॅरिस-रुबे शर्यतीत सुमारे ५५ किलोमीटर रस्ता ओबडधोबड दगडी फरशांचा असतो. तिथं जगातले सगळ्यात वेगवान लोक एरवीपेक्षा रुंद टायर लावतात आणि हवा कमी ठेवतात. शर्यतीकडून काही उचलायचंच असेल, तर मी हे उचलेन.

म्हणून हायब्रिड. सरळ हँडल, पाठ बऱ्यापैकी ताठ, मान वर, त्यामुळं समोरच्या रिक्षाच्या पलीकडचंही दिसतं. टायर ३५ ते ४० मिलिमीटर, खड्डा बऱ्यापैकी पचवतात, बहुतेकांचा व्हॉल्वही रस्त्यावर चालणारा. कॅरिअर आणि मडगार्डसाठी फ्रेमला भोकं असतात, पण दुकानात ती बोटानं चाचपून बघा, काही मॉडेलना नसतात. किंमत साधारण पंधरा हजारांपासून वर. दुकानदार गिअरचा आकडा सांगतो, एकवीस, चोवीस, सत्तावीस. आकड्याला भुलू नका. सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे एवढंच बघा, चढावर आणि सिग्नलवरून निघताना तोच लागतो.

पुढं स्प्रिंगचा शॉकॉप असलेली स्वस्त सायकल मात्र टाळा. दुकानाबाहेर चक्कर मारताना ती मऊ वाटते, पण तिचं वजन दोनेक किलोंनी वाढतं, आणि उभं राहून पेडल मारलं की तुमची ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. रुंद टायर आणि थोडी कमी हवा, एवढ्यावर शहराचं भागतं. पावसाळ्यात चालवणार असाल तर डिस्क ब्रेकला पैसे घाला. ते रिमला नाही, चाकाच्या मध्यावरच्या चकतीला धरतात, त्यामुळं ओल्या रिमची भानगड तिथं नाही, आणि वळणावर आडवी येणारी बस तुमची रिम वाळेपर्यंत थांबत नाही.

हायब्रिडचं उणं एकच. रविवारी पहाटे रोड बाइकवाल्यांच्या घोळक्यासोबत निघालात, तर सपाटीवर मागं पडता. सिंहगडावर मात्र फारसा फरक जाणवत नाही. चढावर वेगच कमी असतो, त्यामुळं हवेचा प्रश्न येत नाही, उरतं ते तुमचं आणि सायकलीचं वजन. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात. तो मान अजून अनेकांना शर्यत जिंकण्याइतकाच मोठा वाटतो, आणि मला त्याचं कारण पटतं.

ई-सायकलबद्दल थोडक्यात. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही, नोंदणी लागत नाही. अंतर बारा किलोमीटरच्या वर, वाटेत चढ, गुडघे कुरकुरणारे आणि ऑफिसात अंघोळीची सोय नाही, असं सगळं जुळून आलं असेल तर हीच घ्या, संकोच नको. फक्त बॅटरी काढून घरात नेता येते का ते बघा. वीसेक किलोची सायकल तिसऱ्या मजल्यावर रोज चढवणं होत नाही.

घर आणि ऑफिस दोन्ही मेट्रोच्या जवळ असतील, वनाझ-रामवाडी किंवा पिंपरी-स्वारगेट मार्गावर, तर घडीची सायकल चांगली. चाकं लहान, त्यामुळं खड्डे जास्त जाणवतात. स्टेशनपासून पुढच्या दोन-तीन किलोमीटरसाठी पुरेशी.

राहिला प्रश्न सायकल ठेवायची कुठं. हा कुणी आधी विचारत नाही, आणि निर्णय पुष्कळदा इथंच लागतो. माझ्या आधीच्या ऑफिसात गाड्यांना तीन मजली तळघर होतं आणि सायकलला जागा नव्हती. सुरक्षारक्षक रोज म्हणायचा, "मॅडम, इथं नको, साहेब रागावतात." आठ महिने मी ती बाहेर विजेच्या खांबाला बांधली. एका संध्याकाळी पुढचं चाकच नव्हतं. खटका उघडला की चाक हातात, अशी क्विक रिलीजची सोय असते. तुलिओ काम्पान्योलोनं ती शर्यतीत चाक पटकन बदलता यावं म्हणून आणली. रस्त्यावर ती चोराच्या कामी येते. ती काढून साधे नट बसवून घ्या, कुठलाही मेकॅनिक करून देतो. कुलूप मागच्या चाकातून आणि फ्रेममधून मिळून घाला. आणि रोड बाइक घरी आणि ऑफिसात, दोन्हीकडे दाराआड ठेवता येत नसेल, तर तिचा विचार सोडा.

माझ्या ओळखीत सगळ्यात जास्त जणांना हायब्रिड मानवली आहे. रोड बाइकची हौस असेल तर ती दुसरी सायकल म्हणून घ्या, दोन वर्षांनी, रविवारसाठी. तोवर जुलैतल्या संध्याकाळी टूर द फ्रान्स बघा. टप्पे आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास संपतात, बाहेर पाऊस, दाराशी मडगार्डावरून पाणी गळणारी सायकल, आणि पडद्यावर शेवटचा चढ. दिवसभरात स्वतः चढ चढलेल्या माणसाला तो वेगळाच दिसतो.

दुकानात जाताना तुमची रोजची बॅग भरून न्या, लॅपटॉप आणि डब्यासकट. रोजचे कपडे घाला. दुकानासमोरच्या सपाट जागेत गोल चक्कर मारून परतू नका. जवळचा गतिरोधक शोधा, त्यावरून दोनदा जा, मग रहदारीत एकदा पूर्ण थांबून पुन्हा निघा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. आणि निघण्याआधी व्हॉल्वचं टोपण काढून कोणता आहे ते बघा.