एक्सेल सोडून टॅली: हार्डवेअरच्या दुकानातला अनुभव

सिमेंट, पीव्हीसी पाइप, फिटिंग, रंग असं आमचं दुकान. निम्मा धंदा कॉन्ट्रॅक्टरांच्या उधारीवर. हिशेब बरीच वर्षं एक्सेलमध्ये होता आणि तो काही वाईट चालला नव्हता. एप्रिल २०२५ पासून टॅली प्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर आहोत. घेतलं ते सीएंच्या आग्रहामुळे, पटलं मात्र वेगळ्याच कारणाने.

एक्सेलला काहीही सांगा, ते मान डोलावतं. वर स्वतःच्या मनाचंही करतं. सप्लायरचा बिल नंबर ५/२५ असेल तर एंटर मारताच त्याचा ‘मे-२५’ होतो. रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवला असेल तर ठीक, पण घाईत नवी शीट उघडली की संपलं. मग १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर टू-बी, म्हणजे सप्लायरनी भरलेल्या बिलांची यादी, येतं, त्यात बिल नंबर असतो आणि आपल्याकडे तारीख. व्हीलुकअपला, म्हणजे एक्सेलच्या जुळणी शोधणाऱ्या सूत्राला, बिल सापडत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. आमच्या जुन्या फाइलमध्ये दर एका शीटवर आणि सगळी बिलं तिथूनच तो उचलायची. तिथे १८ केलं असतं तर ऑगस्टची बिलंसुद्धा १८ ची झाली असती! टॅलीत नवा दर अमुक तारखेपासून लागू असा टाकता येतो. जुनी बिलं आहेत तशी राहतात.

पण खरा फरक पडला तो वसुलीत. कॉन्ट्रॅक्टर येतो, पन्नास हजार टेकवतो, “शेठ, बाकीचं पुढच्या आठवड्यात” म्हणतो आणि जातो. एक्सेलमध्ये बाकीतून वजा केले की विषय संपला. टॅलीत एफ-६ दाबून जमा घेताना ते विचारतं, कुठल्या बिलापोटी? पहिले काही आठवडे काउंटरवरचा मुलगा सगळं ‘ऑन अकाउंट’मध्ये, म्हणजे कुठल्याच बिलाला न जोडता, ढकलायचा. एकूण बाकी बरोबर यायची, पण कुठलं बिल किती दिवस थकलंय ते कळायचं नाही. आता पैसे घेतानाच पार्टीला विचारतो, हे कुठल्या बिलाचे? त्यामुळे “त्या साइटचा माल तर परत केला होता” हे भांडण दिवाळीपर्यंत न थांबता त्याच महिन्यात निघतं आणि मिटतं. आमच्या धंद्यात याची किंमत मोठी आहे.

देण्याच्या बाजूलाही हेच. लघुउद्योगातल्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात धरला जात नाही. कोणाचे दिवस भरत आले ते आता एका रिपोर्टमध्ये दिसतं.

त्रास आहे तो स्टॉकचा. पाइप नगावर येतो आणि फुटावर जातो, ते दोन युनिट लावून जमलं. पण एल्बो, टी, कपलर असे पाइपचे जोड, प्रत्येकाचा साइज वेगळा, कंपनी वेगळी. आयटम बनवता बनवता माणूस टेकीला येतो. खिळे-स्क्रू आम्ही सरळ एकाच नावाखाली टाकलेत. शिवाय सिंगल युजर लायसन्स असल्यामुळे काउंटरवर बिल चालू असताना मला आत बसून कोणाचं खातं बघता येत नाही. डीलरने डेमोच्या वेळी जुना डेटा ओढून देतो म्हटलं होतं, नंतर त्याचे वेगळे पैसे मागितले. हे आधी लिहून घ्या.

कोटेशन मी अजून एक्सेलमध्येच करतो. इतक्या मजल्यांना किती पाइप, भाडं धरून किती पडेल, दोन रुपये सोडले तर काय उरेल, हे सगळं खालीवर करून बघायला तेच बरं.

महिन्याला वीस-तीस बिलं आणि सगळा रोखीचा व्यवहार असेल तर टॅलीच्या खर्चात पडू नका. फक्त एक्सेलमध्ये जीएसटीचा दर प्रत्येक बिलाच्या ओळीतच लिहा. बदलायचंच असेल तर १ एप्रिल गाठा, आणि पार्टीची मागची बाकी एका आकड्यात न टाकता बिलवार चढवा. दोन रविवार जातील, पण नाहीतर जुनी उधारी वर्षभर धूसरच राहते.