६,३०० डॉलरचं स्टिकर

लिहायला लाज वाटते आहे. भारतातल्या काकांना दर रविवारी "ओटीपी कुणाला देऊ नका" म्हणून बजावणारा मी. आणि मीच इथे ऑन्टारिओत, स्वतःच्या तळघरात उभा राहून, स्वतःच्या पेनाने सही करून फसलो.

आमचं घर १९७१ चं. त्या काळात इथे तांबं महागलं होतं म्हणून घरोघरी ॲल्युमिनियमची वायर घातली गेली, तशी आमच्याकडेही आहे. ऑक्टोबरमध्ये विमा कंपनीचं पत्र आलं: ३० दिवसांत वायरिंग दुरुस्त करून तपासणीचा दाखला द्या, नाहीतर पॉलिसी बंद. डोक्यावर थंडी, घरात दोन लहान मुलं आणि सासूबाई नोव्हेंबरात येणार होत्या. अशा वेळी माणूस जरा घाई करतो. तुम्हीही केली असती.

रीतसर परवाना असलेल्या एका कंपनीने ९,७०० सांगितले. मग ओळखीच्या एका ग्रुपमधून "हा"चा नंबर मिळाला. दोघांनी लिहिलं होतं, काम झकास करतो. (दोघांपैकी एक त्याचा मेहुणा निघाला, हे नंतर कळलं.) आला तो बूट दारात काढून. सासूबाईंसाठी आणलेलं जपाचं आसन पाहून म्हणाला, "दादा, आमच्याकडेही असंच आहे." तिथेच मी अर्धा विरघळलो. ॲल्युमिनियमचे सगळे जोड आणि १०० ऐवजी २०० ॲम्पिअरचं विजेचं मुख्य पॅनेल, दोन्ही मिळून ६,८५०. "उद्या इलेक्ट्रिक गाडी घेतलीत तर १०० पुरणार नाही." गाडी घ्यायचा आमचा विचारसुद्धा नव्हता.

३,४०० आगाऊ, काम झाल्यावर २,९००, दोन्ही ई-ट्रान्सफरने. उरलेले ५५० "तपासणी झाल्यावरच द्या दादा, विश्वासाचा प्रश्न आहे." हे ५५० म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं. शेवटचे पैसे माझ्या हातात आहेत, या खुशीत मी होतो.

आता ज्या क्षणाने अजून रात्री झोप उडते तो सांगतो. विजेच्या कामाच्या परवानगीचा अर्ज भरताना तो म्हणाला, "घरमालक म्हणून तुमच्याच नावाने टाकू या, फी वाचते." इथे घरमालकाला स्वतःच्या घरातलं काम स्वतः करायची मुभा आहे, त्यासाठी तो अर्ज असतो. पण पैसे देऊन काम करून घ्यायचं, तर ते परवानाधारक कंत्राटदारानेच करायचं आणि अर्जही त्यानेच भरायचा. अर्जावर सरळ विचारलं होतं, काम कोण करणार? मी लिहिलं, "मी स्वतः". मी! मला घरातला बल्ब बदलायचा तरी बायको आधी मेन बंद करायला लावते. एवढं स्वतःच्या हाताने लिहूनही माझ्या डोक्यात घंटा वाजली नाही. कंत्राटदार अर्ज तुमच्या नावाने भरा म्हणाला की तिथेच दार दाखवा, चहासुद्धा देऊ नका.

दुसरी घंटाही नीट वाजली होती. पॅनेलची क्षमता वाढवायची तर मीटरची पेटी आणि बाहेरून येणारी जाड केबल बदलावी लागते, त्यासाठी वीज कंपनीची माणसं येऊन लाइन तोडतात. आमच्याकडे कोण आलं? कोणीच नाही. मीटरचं सील जसंच्या तसं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "नवीन पद्धत आहे." आणि मी मान डोलावली.

जानेवारीत बाहेर उणे २२ असताना सासूबाईंच्या खोलीत हीटर लावला. १,५०० वॉट, म्हणजे १२० व्होल्टवर साडेबारा ॲम्पिअर. तिसऱ्या रात्री त्या म्हणाल्या, "अहो जावईबापू, प्लास्टिक जळल्यासारखा वास येतोय." प्लगभोवती तपकिरी वलय उमटलं होतं, हात लावला तर चटका बसला. ब्रेकर मात्र पडला नव्हता. पडणारच नाही: सैल जोड तापतो तेव्हा प्रवाह वाढलेला नसतो, त्यामुळे ब्रेकरला काही कळतच नाही. ब्रेकरवर विसंबून झोपू नका.

दुसऱ्या दिवशी खरा इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने प्लग उघडून आत वायरी जोडायची पिवळी टोपी दाखवली. ॲल्युमिनियमला तांब्याचा तुकडा जोडताना दोन्ही धातूंसाठी प्रमाणित केलेला जोड लागतो, ही साध्या तांब्याच्या वायरची टोपी होती. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, तापून-थंडावून ते जास्त सैल होतं आणि थंडीतल्या हीटरने त्याचा अंत पाहिला. मग तो पॅनेलपाशी गेला. त्याने दारावरचं "२०० A" हे स्टिकर नखाने सोलून काढलं आणि मेन ब्रेकरच्या खटक्यावर टॉर्च मारली. खटक्यावर ठळक कोरलेलं होतं: १००. पॅनेल तेच, जुनंच. रंग नवा, दार नवं. तीन महिने मी रोज त्याच्यासमोरून कपडे धुवायला जात होतो. वर त्याने घराच्या विजेचा हिशोब मांडून सांगितलं की घर गरम ठेवायला गॅसची भट्टी असलेल्या या घराला १०० पुरेसे आहेत. म्हणजे जे नको होतं त्याचे पैसे दिले, आणि तेही मिळालं नाही.

आधीच्या त्या भामट्याने दाखवलेल्या कार्डावरचा परवाना क्रमांक भलत्याच कंपनीचा होता. इथे विजेच्या कामाचे परवाने देणाऱ्या इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटीच्या साइटवर परवानाधारकांची यादी आहे, दोन मिनिटांचं काम. आधी बघा.

यापुढची कथा तर विचारूच नका. पोलिसांत गेलो, म्हणाले हा दिवाणी मामला. मी म्हटलं, खोटा क्रमांक दाखवला हो! तर "लेखी करार आहे का?" होता, एका पानाचा, त्यावर त्याचा पत्तासुद्धा नव्हता. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. (क्रेडिट कार्डाने दिले असते तर भांडायला जागा तरी होती.) ग्राहक तक्रारीच्या ठिकाणी ४० मिनिटं संगीत ऐकलं, मग फॉर्म भरा म्हणाले. भरला. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, पुरवठादाराचा पत्ता जोडा. अहो, पत्ता असता तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो? घरी बसून सही केलेला ५० डॉलरवरचा करार १० दिवसांत रद्द करता येतो, हे तिथल्याच पत्रकात वाचलं. माझे तोवर शंभरावर दिवस उलटले होते. आणि विमा कंपनीचा माणूस अर्ज चाळून अगदी गोड आवाजात म्हणाला, "पण सर, कागदोपत्री हे काम तुम्हीच केलंय ना?"

सगळे जोड पुन्हा करून घेतले, ५,२४० लागले. आधीचे ६,३०० धरून ११,५४०. परवानावाल्याच्या ९,७०० ला मी महाग म्हटलं होतं.

गेल्या आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला: "दादा, तपासणी झाली का? ५५० राहिलेत."