टीव्हीवरच्या खेळानं आप्पांचा तोल सावरला का? सात महिन्यांचा अनुभव

दिवाळीनंतर आप्पांच्या अंगावरून वारं गेलं, सगळी डावी बाजू. बेळगावातल्या दवाखान्यातून येळ्ळूरला घरी आणल्यावर फिजिओ मॅडमनी टीव्हीला जोडायचा कॅमेरावाला खेळसंच भाड्यानं घ्यायला सांगितला. पडद्यावर फळं पडतात, ती हात पुढं करून पकडायची. कॅमेरा सांधे ओळखतो, अंगाला काही बांधावं लागत नाही.

आप्पा रंगून जायचे. दुसऱ्या महिन्यात गुण दुप्पट झाले, आम्हाला केवढा आनंद! त्याच आठवड्यात मोरीच्या उंबऱ्यावर ते डावीकडं कलले. मी मागं होते म्हणून निभावलं.

मॅडमनी घरी येऊन त्यांना नुसत्या बनियनवर खेळायला लावलं आणि मला बाजूला उभं करून बघायला सांगितलं. हात पुढं जातच नव्हता. कोपर वाकलेलं, खांदा कानाकडं चढलेला, आणि कंबरेतून अख्खं धडच फळाकडं झुकत होतं. उभं राहिले की सगळा भार उजव्या पायावर. डाव्या पायाची बोटं आखडलेली, टाच जेमतेम टेकलेली. हात फळापर्यंत पोचला एवढंच आमचं यंत्र मोजतं, कसा पोचला ते नाही.

मग खुर्चीच्या पाठीला पंचानं छाती सैलसर बांधून खेळ सुरू केला. गुण लगेच निम्म्यावर आले. आप्पा दोन दिवस रुसले, ते बघवत नव्हतं. उभं राहायच्या सरावाला दोन वजनकाटे शेजारी ठेवले, एकेका पायाखाली एक. वजन 62 किलो. तेव्हा डाव्या पायावर 17 यायचे, आता 26 येतात. बर्गच्या तोल चाचणीत 14 कृती असतात, एकूण 56 गुण. आप्पांचे 29 होते, आता 44.

हे सगळं खेळानं झालं असं मी म्हणणार नाही, सकाळचा नेहमीचा व्यायाम एक दिवस चुकला नाही. कॉक्रेन ही उपचारांवरचं संशोधन तपासणारी संस्था. तिच्या 2017 च्या आढाव्यात पक्षाघाताच्या रुग्णांवरच्या 72 चाचण्या तपासल्या होत्या. हाताच्या बाबतीत असे खेळ नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरले नाहीत. त्याच्या जोडीला जास्तीचा सराव म्हणून उपयोग दिसला. आमचंही तेच.

सूचना फक्त इंग्रजीत, हा मोठा त्रास. आप्पांना मराठी येतं, कन्नड येतं. कंपनीला दोनदा फोन केला, उत्तर नाही. शिवाय त्यांचं डावीकडं लक्षच जात नसे, तिकडची फळं निसटायची. टीव्हीच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली, तेव्हा मान वळू लागली.

घ्यायचाच असेल तर दुबळ्या बाजूला माणूस उभा ठेवा आणि आठवड्यातून एकदा बाजूनं व्हिडिओ काढून फिजिओंना दाखवा. आम्ही अजून तीन महिन्यांचं भाडं भरलंय. पडद्यावर गुण दिसतात त्या कोपऱ्यावर मात्र आता कागद चिकटवलाय.